तळटीप : ‘कार्ट्रिज’

कार्ट्रिज : १९९०च्या दशकात आपल्याकडची मुलं हिला ‘कॅसेट’ म्हणत, पण आत फीत नसे. प्लॅस्टिकच्या डबीत छापील सर्किटची एक पट्टी आणि तिच्यावर ‘मास्क रॉम’ जातीची चिप असे. लेखकाने इथे किमतीचा नुसता उल्लेख केला आहे; तिचं मुख्य कारण ही चिप. तिच्यात खेळ नंतर भरता येत नाही, चिप कारखान्यात घडतानाच तो सिलिकॉनमध्ये उतरवतात. त्यासाठी प्रत्येक खेळाचा वेगळा मास्क, म्हणजे एक प्रकारचा साचाच, करावा लागे. त्यात चूक राहिली तर तयार माल बाद. खेळ जितका मोठा, तितकी चिप महाग. भरीला इतर सुटे भाग असत : अमेरिकेत १९८७ साली आलेल्या ‘द लेजेंड ऑफ झेल्डा’त खेळाडूची प्रगती जपणारी बॅटरी होती, तर ‘स्टार फॉक्स’मध्ये (१९९३) त्रिमितीय चित्रांची गणितं करणारी ‘सुपर एफएक्स’ ही स्वतंत्र चिप.

निन्टेन्डोच्या यंत्रांसाठी खेळ काढणाऱ्या प्रकाशकांना आणखी एक जाच होता, आणि मला तो सर्वांत मोठा वाटतो. कार्ट्रिजच्या उत्पादनावर निन्टेन्डोचा ताबा असे. पैसे आधी मोजायचे, आणि माल पडून राहिला तर तोटा प्रकाशकाचा. सीडी त्या मानाने स्वस्तात आणि झटपट दाबून निघे. शिवाय १९९६च्या ‘सुपर मारिओ ६४’ची कार्ट्रिज ८ मेगाबाइटची, तर एका सीडीत सुमारे ६५० मेगाबाइट मावत. ‘फायनल फँटसी ७’ हा खेळ १९९७ साली सोनीच्या प्लेस्टेशनवर आला, तो तीन सीडींवर.