हयातीचा दाखला

दर नोव्हेंबरात माझ्या आईला आपण जिवंत असल्याचे सरकारला कळवावे लागते. वडील मध्य रेल्वेत होते. त्यांच्या मागे तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते आणि ते चालू राहावे म्हणून हयातीचा दाखला लागतो. पूर्वी ती डोंबिवलीला बँकेच्या रांगेत उभी राहायची. नोव्हेंबर २०१४ मध्ये 'जीवन प्रमाण' ही संगणकीय सोय निघाली आणि २०२१ पासून मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे नुसता चेहरा धरूनही काम होऊ लागले. मी घरी गेलो असताना मोठ्या हौसेने तिच्या फोनवर ही व्यवस्था करून दिली. यंत्राने तिसऱ्या खेपेस चेहरा ओळखला. आई म्हणाली, "वर्षातून एकदा विचारतात होय? मधे काही झालं तर कुणाला कळायचं?"

मंडळी, तिचा प्रश्न सरकारला उद्देशून होता, पण लागला मला. मी राहतो दुबईत, ती डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, एकटी. इकडे ये म्हटले तर महिनाभर येते आणि "इथे रस्त्यावर माणूस दिसत नाही" म्हणून परत जाते. आपल्या मंडळात गणपतीची आरती झाली की प्रसादाबरोबर जो विषय हमखास निघतो तो हाच. कुणाची आई नाशिकला, कुणाचे सासरे सांगलीत. सगळे ऐंशीच्या आगेमागे आणि सगळ्यांना आपल्याच घरी राहायचे आहे. त्यांना ते आजवर कशाच्या जोरावर जमत आले, याचा मी आपल्या परीने शोध घेतला. मी इतिहासकार नव्हे, संगणक अभियंता. तेव्हा यात अभियंत्याची खोड दिसली तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

सुरुवात आखातापासून नव्हे, कोकणापासून करायला हवी. मुलगा दूर आणि म्हातारे घरी, ही स्थिती आपण परदेशस्थांनी शोधून काढलेली नाही. मुंबईच्या गिरण्या उभ्या राहिल्या तेव्हापासून रत्नागिरीकडचा तरुण लालबाग-परळला आणि त्याचे आईबाप गावी, हे चालत आलेले आहे. त्या घरांचा आधार म्हणजे मनीऑर्डर. भारतात ती १८८० साली सुरू झाली आणि पुढे कोकणच्या साऱ्या व्यवहारालाच 'मनीऑर्डरवर चालणारा' असे नाव पडले. पोस्टमन पैसे दारात आणून द्यायचा, फॉर्मच्या तुकड्यावरचा चार ओळींचा मजकूर वाचून दाखवायचा, सही किंवा अंगठा घ्यायचा. त्या अंगठ्याची पोच मुंबईला परत जायची, ही यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट. खोलीवर दहाजणांत राहणाऱ्या गिरणीकामगाराच्या हातात दर महिन्याला आईच्या अंगठ्याची शाई येत असे. हयातीचा दाखलाच तो, आणि वर्षाला बारा! शिवाय पोस्टमनने तिला डोळ्यांनी पाहिलेले असायचे. ती अंथरुणावर असेल तर ते गावात कळायचे.

अर्थात त्या काळाचे फार गोडवे गाऊ नयेत. सेवा म्हणून काही नव्हती. जे होते ते घरातली सून, नाहीतर माहेरी परतलेली विधवा आत्या उपसत होती. तिला कोणी विचारले नव्हते आणि तिच्या म्हातारपणी तिच्याकडे कोण पाहणार, हेही कोणी विचारले नव्हते.

आखाताशी आपला टपालाचा संबंधही जुनाच. दुबईत १९०९ साली भारतीय टपालकचेरी उघडली होती आणि १९६६ पर्यंत इकडे रुपयाच चालत असे. १९५९ पासूनचा रुपया रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळा काढलेला होता. मुंबईहून यायचे तर बोटीने. या मार्गावरची शेवटची प्रसिद्ध बोट 'द्वारका' १९८२ साली बंद झाली. तेलाचा पैसा आल्यावर आपली माणसे मोठ्या संख्येने आली आणि विमान आले. पैसे पाठवण्याच्या तऱ्हा बदलत गेल्या. आधी रजिस्टर्ड पाकिटातून ड्राफ्ट जायचा, मग एक्स्चेंज हाउसमधून थेट खात्यात, आता फोनवर बोट दाबून. प्रत्येक सुधारणेत पैसे लवकर पोहोचू लागले आणि प्रत्येक सुधारणेत दारापर्यंत जाणारा एकेक माणूस गळत गेला. खात्यात पैसे जमा झाल्याची पोच आज मला तीन सेकंदांत मिळते. ती बँकेची असते, आईची नव्हे.

दुसरीकडे म्हातारपणाची सार्वजनिक व्यवस्था म्हणजे आपल्याकडे फार काळ वृद्धाश्रम एवढीच होती. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या नावाचे अनाथ-पंगुगृह, म्हणजे आजचे 'निवारा', १८६० च्या दशकातले. राज्य सरकारची 'मातोश्री' वृद्धाश्रमांची योजना १९९५ नंतरची. मधल्या सव्वाशे वर्षांत मराठी माणसाच्या डोक्यात दोनच चित्रे पक्की बसली: एक मुलाचे घर, दुसरे आश्रमाचे फाटक. सरकारने वृद्धांच्या मदतीच्या योजनेला नावसुद्धा 'श्रावणबाळ' दिले. (श्रावणाची कथा नीट आठवली तर शेवटी आईवडील एकटेच पडतात, पण ते असो.) 'नटसम्राट' आणि जयवंत दळवींची 'संध्याछाया' पाहून आमच्या आधीची पिढी ढसाढसा रडली. दळवींच्या नाटकातला मुलगा तर परदेशातच आहे. पण नाटक संपल्यावर त्या नाना-नानींकडे दुसऱ्या दिवशी सकाळी कोण डोकावणार, याची चर्चा झालेली मला कुठे आढळली नाही.

ते काम उचलले म्हाताऱ्यांनीच. ज्येष्ठ नागरिक संघ ही महाराष्ट्राने केलेली एक मोठी गोष्ट आहे आणि आपण तरुण असताना तिची यथेच्छ थट्टा केली, असे मला आता वाटते. गावोगावच्या संघांचा महासंघ, म्हणजे फेस्कॉम, १९८० साली स्थापन झाला. जागतिक ज्येष्ठ नागरिक दिन संयुक्त राष्ट्रांनी ठरवला तो त्यानंतर दहा वर्षांनी. संघात काय चालते? प्रार्थना, हास्ययोग, रक्तदाब तपासणी, एखादे व्याख्यान, महिन्याचे वाढदिवस, पेढे. मीही याला वेळ घालवणे म्हणत होतो. पण संघात हजेरी असते. सलग दोन दिवस जोशी आले नाहीत तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी जोश्यांच्या घराची बेल वाजवतो. पुण्यात मुले परदेशी असलेल्या पालकांनी अशीच आपली वेगळी संघटना उभारली. मुंबईत १९९५ साली डॉ. शैलू श्रीनिवासन यांनी डिग्निटी फाउंडेशन काढले, पुढे पोलिसांची १०९० ही ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी आली. केंद्राने १९९९ मध्ये धोरण आखले, २००७ मध्ये आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा केला आणि २०२१ मध्ये १४५६७ हा देशभराचा एकच दूरध्वनी क्रमांक दिला. तो सकाळी आठ ते रात्री आठ चालतो. हा क्रमांक घरी फोनजवळ लिहून ठेवावा, हे जाता जाता सांगतो.

बाहेरच्या जगात याच गोष्टीला सरकारी आणि सामाजिक सेवेचे रूप आले. इंग्लंडात महायुद्धाच्या धामधुमीत, १९४३ साली, हेमेल हेम्पस्टेड येथे स्त्री स्वयंसेविकांनी वृद्धांच्या घरी गरम जेवण पोहोचवायला सुरुवात केली. पुढे ती जगभर पसरली. डबा देणारी बाई रोज माणूस पाहते, दोन शब्द बोलते, डबा तसाच परत आला तर तिला शंका येते. जेवणाइतकेच हे पाहणेही मोलाचे, असे ते काम करणारे सांगत आले आहेत. जपानने २००० साली शुश्रूषेचा सक्तीचा विमाच काढला. चाळिशीपुढचा प्रत्येकजण वर्गणी भरतो आणि गरज पडली की घरी मदतनीस येते. बोस्टनच्या बीकन हिल भागात रहिवाशांनी २००२ साली वर्गणी काढून स्वतःचीच सेवा सुरू केली: दवाखान्यात सोबत, दिवा बदलायला माणूस, विश्वासू सुतार. आपल्या संघाचाच हा श्रीमंत मावसभाऊ.

आता माझी अभियंत्याची खोड. माझी डॉक्टरेट यंत्रणा बंद का पडतात या विषयातली आहे. दूरच्या संगणकावर लक्ष ठेवायच्या दोन रीती आहेत. एक, बिघाड झाला की त्याने आपण होऊन कळवायचे. दुसरी, त्याने ठरावीक वेळाने 'मी आहे, मी आहे' असा ठोका देत राहायचे आणि ठोका चुकला की आपण धावायचे. पहिली स्वस्त, पण जो बंद पडला त्यानेच कळवायचे हा तिच्यातला मूळ दोष. हे मी विद्यार्थ्यांना शिकवले आहे. आणि आईसाठी मात्र गळ्यात घालायचे, संकटात दाबायचे बटण घेऊन गेलो! तिने ते देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला टांगून ठेवले. एकदा न्हाणीघरात पाय घसरून ती पडली, तेव्हा बटण खिळ्यालाच होते. दोन तासांनी पोळ्या करणाऱ्या बाई आल्या, दार उघडेना म्हणून शेजारच्यांकडची किल्ली आणली. मनगट मोडले होते, तेवढ्यावर निभावले. पोळीवाल्या बाई हा तिचा ठोका होता. मी तो मोजलाच नव्हता.

अमेरिकेतल्या मंडळींना अंतराची जाणीव पहिल्या दिवसापासून असते, म्हणून त्यांनी व्यवस्था केल्या. आपण इथल्यांनी केल्या नाहीत, कारण आपण मनाशी धरून चाललो की मुंबई तीन तासांवर आहे. रात्री फोन आला तर सकाळी आईच्या उशाशी असू. मार्च २०२० मध्ये हा हिशेब मोडला. भारतात येणारी आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने २३ मार्चपासून थांबली, २५ तारखेला टाळेबंदी लागली. ७ मे रोजी अबुधाबी आणि दुबईहून पहिली दोन 'वंदे भारत' विमाने सुटली, ती केरळला. डोंबिवलीत सोसायटीने फाटक लावून घेतले. पोळीवाल्या बाईंना आत यायला बंदी, दूध फाटकापर्यंत, रक्तदाबाच्या गोळ्या संपत आलेल्या. व्हॉट्सॲपवरून बोलण्याची सोय आपल्याकडे बंद, हे आपण सगळे जाणतोच. बॉटिमवर मी तिचा चेहरा पाहायचो तो छताच्या पंख्याच्या जोडीने, कारण फोन कसा धरायचा ते तिला कधीच जमले नाही.

तेव्हा तिच्या संघाने फोनची साखळी केली. सकाळी साडेसातला पहिल्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला. एकेक मिनिट, "उठलात का? चहा झाला का?" शेवटच्याने पहिल्याला फोन करायचा. कुठे साखळी अडली की त्या इमारतीच्या वॉचमनला फोन. औषधांच्या याद्या एकत्र करून केमिस्टला कळवायच्या आणि एकाच मुलाने सगळ्या फाटकांवर पिशव्या ठेवायच्या. हे सगळे चालवणारे दोघे सत्तरी ओलांडलेले, म्हणजे नियमाप्रमाणे ज्यांनी घराबाहेरही पडायचे नाही असे. त्यांनी ते घरात बसूनच केले, एका वहीवर. मी आयुष्यभर जे संगणकावर करतो ते. टाळेबंदी उठली, साखळी मात्र उठली नाही. आई आज तिच्यात सातवी आहे.

इथल्या अमिरातींबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. या देशाने २०१८ मध्ये आपल्या वृद्धांसाठी राष्ट्रीय धोरण आखले, 'मुसिन्नीन' म्हणजे वृद्ध हा शब्द सरकारी व्यवहारातून काढून 'किबार अल मुवातिनीन', ज्येष्ठ नागरिक, हा शब्द आणला आणि २०१९ मध्ये त्यांच्या हक्कांचा कायदा केला. घरी जाऊन शुश्रूषा करण्याची व्यवस्था इथे आहे. ती त्यांच्या नागरिकांसाठी आहे, आणि ते रास्तच आहे. आपला मुक्काम नोकरीच्या व्हिसावर. २०२० पासून दुबईने पंचावन्न वर्षांवरील निवृत्तांना व्हिसा देऊ केला आहे, पण त्याला उत्पन्न, बचत किंवा मालमत्ता लागते. ते जमणाऱ्यांनी जरूर राहावे. बाकीचे आपण साठीच्या सुमाराला बॅगा भरून परत जाणार, अशा गावांत आणि अशा सोसायट्यांत, जिथे पंचवीस वर्षे आपण फक्त सुटीपुरते दिसलो. तिथला पोस्टमन आपल्याला ओळखत नाही, संघाच्या हजेरीपटावर आपले नाव नाही.

गेल्या सुटीत मी आईबरोबर संघात गेलो. वय विचारले, पंचेचाळीस म्हटल्यावर सगळे हसले. वर्गणी मात्र त्यांनी घेतली, 'हितचिंतक सभासद' म्हणून पावती फाडली आणि सकाळच्या साखळीत आईच्या इमारतीतल्या तिघांचे फोन क्रमांक माझ्याकडे दिले. दुबईत तेव्हा सहा वाजलेले असतात. साडेसातची साखळी पुरी झाली की आमच्या फोनवर एक शब्द येतो, 'पूर्ण'. आला नाही तर मी त्या तिघांना फोन लावतो. आजवर दोनदा आला नाही. एकदा वीज गेली होती, एकदा आई फोन चार्ज करायला विसरली होती.

मंडळाच्या सभासदांपैकी ज्यांचे आईवडील महाराष्ट्रात एकटे राहतात, त्यांची गावनिहाय वही मी सुरू केली आहे. डोंबिवली-कल्याणची चार घरे झाली, पुण्याची सहा, नाशिकची दोन. कोल्हापूर आणि सांगलीकडचे अजून कोणी पुढे आलेले नाही. शेजाऱ्याचा फोन, डॉक्टरांचा फोन आणि दाराची दुसरी किल्ली कुणाकडे असते, एवढेच लिहायचे आहे. पुढच्या कार्यक्रमाला वही दाराशी, नावनोंदणीच्या टेबलावर ठेवतो.