स्विच-मोड वीजपुरवठ्याचे विद्युतचुंबकीय उत्सर्जन

मोबाइलचा चार्जर, एलईडी दिव्याचा ड्रायव्हर आणि विजेवरच्या मोटारीतला इन्व्हर्टर यांचे तत्त्व एकच: वीज सेकंदाला हजारो वेळा जोडायची आणि तोडायची. त्यामुळे उपकरण लहान होते, तापतेही कमी. मात्र प्रत्येक जोडतोडीत विद्युतदाब सेकंदाच्या कोट्यांशाहून कमी वेळात शेकडो व्होल्टांनी उसळू शकतो आणि मूळ वारंवारतेच्या पटीतल्या लहरी तारांत व हवेत पसरतात. हलक्या प्रतीच्या एलईडी दिव्याजवळ मध्यम लहरींचा रेडिओ लावला की खरखर होते, ती यांचीच.

रेडिओला होणारा असा उपद्रव आवरण्यासाठी १९३४ साली ‘सिस्पर’ ही आंतरराष्ट्रीय समिती सुरू झाली. तेव्हा ट्रान्झिस्टरही जन्माला आला नव्हता. तिच्या मानकांनुसार घरगुती इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या तारांतून जाणारा गोंगाट साधारणपणे १५० किलोहर्ट्झपासून ३० मेगाहर्ट्झपर्यंत मोजतात, त्यापुढे हवेतला. कित्येक अडॅप्टर ६५ किलोहर्ट्झवर चालतात, यामागे हेच गणित आहे. दुप्पट १३० होते, म्हणजे मोजणीच्या कुंपणाबाहेर. कुंपणाच्या आत पहिली येते ती तिप्पट, १९५ किलोहर्ट्झची लहर, आणि ती मूळ लहरीपेक्षा बरीच दुबळी असते.

खरा इलाज उगमापाशी. वेगाने बदलणारा प्रवाह ज्या वळशातून फिरतो, त्याचे क्षेत्रफळ निम्मे केले की त्या वळशाचे उत्सर्जनही जवळपास निम्मे होते. म्हणून इनपुटचा कपॅसिटर स्विचला अगदी खेटून बसवतात आणि खाली तांब्याचा सलग थर ठेवतात. यासाठी जादा सुटा भाग लागत नाही, तरी घाईच्या आराखड्यात नेमके हेच राहून जाते. मग स्नबर, कॉमन-मोड चोक आणि केबलवरचा फेराइटचा ठोकळा अशी मलमपट्टी सुरू होते.

तारांतला गोंगाट अडवणाऱ्या फिल्टरमधला वाय-कपॅसिटर थोडी वीज गळू देतो. दोन पिनांच्या अडॅप्टरवर लावलेल्या लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर मुंग्या येतात, त्या बहुधा याच्यामुळे. सुरक्षेच्या नियमांनी त्या गळतीवर मर्यादा घातली असल्याने हा कपॅसिटर हवा तेवढा मोठा घेता येत नाही.

वारंवारता किंचित डोलती ठेवण्याची युक्तीही रूढ आहे. तिने ऊर्जा कमी होत नाही, ती पसरते आणि आलेखातले शिखर बुटके दिसते. चाचणी उत्तीर्ण होते. शेजारच्या रेडिओचे भले होईलच असे नाही.

वाहनांसाठी ‘सिस्पर २५’ हे वेगळे मानक आहे; भारतात वाहनांच्या अशा चाचण्या पुण्याच्या ‘एआरएआय’ या वाहन-संशोधन संस्थेतही होतात. इन्व्हर्टरच्या गोंगाटापुढे हात टेकून बीएमडब्ल्यूने आय-३ या मोटारीत एएम रेडिओ दिलाच नाही. फोर्डनेही काही विद्युत मोटारींतून तो काढला होता, पण आपत्कालीन सूचनांचा मुद्दा पुढे आल्यावर २०२३ मध्ये सॉफ्टवेअर बदलून परत देऊ केला.