नऊ महिन्यांचा हिशेब

नाताळाआधीच्या आगमनकाळात लग्नाचं नाव काढायचं नाही, अशी वसईतल्या आमच्या जुन्या माणसांची ताकीद असे. 30 नोव्हेंबरच्या जवळचा रविवार आला की फादरांच्या अंगावर जांभळा झगा चढे, वेदीवरची फुलं जात, ग्लोरियाचं गीत थांबे. भात झोडून झालेलं, हातात चार पैसे आलेले. नेमकं तेव्हाच चर्च म्हणे, थांबा. चार रविवार. 24 डिसेंबरला तर उपास, मांस वर्ज्य. आणि पहिल्या रविवारचं वाचन गोठ्यातल्या बाळाचं नसतंच; ते ख्रिस्ताच्या पुन्हा येण्याचं, जगाच्या अंताचं.

हे सारं आजीच्या तोंडून ऐकलेलं. तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये होई. आजीला अक्षर कळत नसे. पण क्रेदो, म्हणजे श्रद्धेची कबुली, चालू असताना एका ओळीला सगळी मंडळी गुडघे टेकत. का, असं तिनं आपल्या आईला विचारलं. आई म्हणाली, "इथं देव माणूस झाला."

या गोष्टीवरून चर्चमध्ये भांडणं थोडी झाली नाहीत. पुत्र निर्माण केलेला, म्हणून पित्याहून कमी, असं एरियस म्हणे. 325 साली नायसियाच्या परिषदेनं ते नाकारलं. 451 साली कॅल्सेडनच्या परिषदेनं ठरवलं: येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूस. मला आजीचा हिशेब तितकाच पक्का वाटतो. मरियेला देवदूताचा निरोप 25 मार्चला, जन्म 25 डिसेंबरला. "नऊ महिने भरले की नाही? देवालासुद्धा बाईच्या पोटात दिवस काढावे लागले," ती म्हणायची. एकामागून एक बाळंतपणं काढलेल्या बाईला वाट पाहणं कुणी शिकवावं?

फादर स्टीफन्सनाही घाई नव्हती. त्यांनी लिहिलेल्या 1616च्या क्रिस्तपुराणात अख्खं पहिलं पुराण जुन्या कराराचं. येशूचा जन्म वाचायला दुसरं उघडावं लागतं.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली. अर्थ सगळ्यांना कळू लागला आणि दर रविवारचं गुडघे टेकणं गेलं; त्या ओळीला आता नुसतं वाकायचं. नाताळचे दिवे मात्र नोव्हेंबरातच लागतात, पहिल्या रविवारीच केक कापला जातो. मला हे पटत नाही. पाहुणा यायच्या आत पंगत उठवल्यासारखं वाटतं.

त्या ओळीला गुडघे टेकायचे दोन दिवस नियमात अजून शिल्लक आहेत: नाताळ आणि 25 मार्च.