सस्पेन्शन : दुरुस्ती कुठवर, बदल कधी?
खड्ड्यांतून जाताना मोटारीच्या पुढच्या भागातून खडखड ऐकू येऊ लागली, म्हणजे संपूर्ण सस्पेन्शन बदलावे लागेलच असे नाही. पुष्कळदा दोष लोअर आर्ममधील रबरी बुशचा असतो. आर्म वाकलेला किंवा गंजलेला नसेल, तर बहुतेक मोटारींत जुना बुश प्रेसवर काढून नवा बसवता येतो. त्याचा बोल्ट मात्र गाडीचा भार चाकांवर असतानाच पक्का आवळावा. चाके अधांतरी असताना आवळल्यास रबर पिळलेले राहते आणि लवकर फाटते.

बॉल जॉइंटबाबत अशी काटकसर धोक्याची ठरते. हा सांधा निखळल्यास धावत्या गाडीचे चाक कोलमडते. तो ढिला आढळल्यास बदलणेच योग्य. काही मोटारींत तो आर्मला कायमचा जोडलेला असल्याने पूर्ण आर्म घ्यावा लागतो.

गळणाऱ्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरमध्ये तेल भरून देणारी गॅरेजेस आहेत. वायुदाबाच्या बंद नळीसाठी हा उपाय भरवशाचा नाही. पुढचे किंवा मागचे दोन्ही एकदमच बदलावेत. तुटलेल्या स्प्रिंगला वेल्डिंग करणे तर सर्वथा अयोग्य, कारण उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते. आर्म बदलल्यानंतर व्हील अलाइनमेंट टाळल्यास टायर एका कडेने झिजू लागतात.