बुधवारचा उपवास



गेल्या महिन्यात अष्टमी गुरुवारी आली. माझी सून नोकरी करते, सकाळी सातलाच घर सोडते. ती म्हणाली, "आई, या वेळी एकाशन रविवारी केलं तर नाही का चालणार? नियम तोच, वार तेवढा वेगळा." माझ्या तोंडून निघून गेलं, "तिथी काय आपल्या सोयीनं फिरते होय?" ती गप्प झाली. दोन दिवस घरात नीट बोलणं नव्हतं. त्या दोन दिवसांत मला इथिओपियाचा इतिहास सारखा आठवत होता. तिथे एका उपवासाच्या वारावरून राजाला माघार घ्यावी लागली होती.

इथिओपिया हा आफ्रिकेच्या पूर्वेकडचा डोंगराळ देश. चौथ्या शतकापासून तिथे ख्रिस्ती धर्म आहे, पण तो त्यांच्या स्वतःच्या जुन्या पद्धतीचा. त्यांच्या उपवासांची बेरीज मी मांडून पाहिली. दर बुधवारी आणि शुक्रवारी उपवास, ईस्टरआधी ५५ दिवसांचा मोठा उपवास, ऑगस्टमध्ये १५ दिवसांचा, शिवाय आणखी काही. साधू-पुजाऱ्यांचे सगळे धरले तर वर्षाला सुमारे २५० दिवस होतात. घरातल्या माणसांना त्यातले १८० च्या आसपास पाळावे लागतात, म्हणजे जवळजवळ अर्धं वर्ष!

उपवासाच्या दिवशी मांस, अंडी, दूध, लोणी सगळं बंद. दुपारपर्यंत पोटात काही नाही. एरवी ते मांस खातात, हे खरं. पण उपवासाचं त्यांचं ताट पाहिलं तर परकं वाटत नाही. तेफ नावाचं खसखशीसारखं बारीक धान्य असतं. त्याचं पीठ आंबवून मातीच्या तव्यावर मोठ्या आंबोळीसारखी जाळीदार 'इंजेरा' घालतात. तिच्यावर मसुरीची आमटी, पालेभाजी आणि हरभऱ्याच्या पिठाचं तिखट पिठलं, त्याला 'शिरो' म्हणतात. कांदा-लसूण मात्र भरपूर, तेवढं आपल्याला चालणार नाही. आणि तेल कशाचं? कारळ्याचं! आपण ज्याची चटणी करतो ते कारळे मूळचे तिथलेच.

आता इतिहास. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला गोव्याहून जेझुइट पाद्री तिथे गेले. त्यातले पेद्रो पाएझ १६०३ मध्ये पोहोचले. माणूस विद्वान आणि मृदू होता. त्यांचा प्रभाव पडून सुसेन्योस राजानं १६२२ मध्ये उघडपणे पोपचा पंथ स्वीकारला. त्याच वर्षी पाएझ वारले. त्यांच्यामागून १६२५ मध्ये आलेले अफोन्सो मेंडेस हे धर्मप्रमुख कडक होते. लोकांनी पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा, पुजाऱ्यांनी पुन्हा दीक्षा घ्यावी, सण आणि उपवास रोमच्या पंचांगाप्रमाणे पाळावेत, असे हुकूम निघाले. बाराशे वर्षांची सवय एका फर्मानानं बदलायची होती. देशभर बंडं उठली.

या विरोधात पुढे आलेली एक बाई म्हणजे वलत्ता पेत्रोस. जन्म १५९२ चा, मोठ्या घरातली. तिची तीन मुलं लहानपणीच गेली. नवरा राजाच्या दरबारातला मोठा सरदार. राजाच्या फौजेबरोबरच्या लढाईत जुन्या पंथाचे धर्मगुरू मारले गेले आणि नवरा त्या राजाच्याच बाजूचा होता. तिनं संसार सोडला, केस उतरवले आणि साध्वी झाली. गावोगाव फिरून ती सांगू लागली की आपला धर्म सोडू नका. राजानं तिला दरबारात उभं केलं, मग तीन वर्षं दूर सीमेवर ठेवलं. ती बधली नाही. जिथे राहिली तिथे तिच्याभोवती माणसं जमत गेली आणि त्यांचे आश्रम झाले.

शेवटी राजाच नमू लागला. त्यानं काही सवलती जाहीर केल्या. त्यातली एक वाचून मी पुस्तक मिटून बसले. ज्याला हवं त्यानं रोमच्या पद्धतीच्या शनिवारऐवजी पूर्वीसारखा बुधवारी उपवास करावा! पण तोवर उशीर झाला होता. १६३२ च्या मोठ्या लढाईत त्याचीच हजारो प्रजा मारली गेली. मग त्यानं जुना धर्म परत दिल्याची घोषणा केली आणि राज्य मुलाच्या, फासिलिदेसच्या, हाती सोपवलं. त्यानं पाद्र्यांना देशाबाहेर काढलं. मेंडेस गोव्याला परतले आणि तिथेच वारले. वलत्ता पेत्रोसचं चरित्र तिच्या मृत्यूनंतर ३० वर्षांनी, १६७२ मध्ये, लिहिलं गेलं. तिथे तिला आजही संत मानतात.

तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना मी हे सगळं सुनेला सांगितलं. मनात होतं की तिला आता तिथीचं महत्त्व पटेल. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "पण आई, त्यांनी बुधवार धरून ठेवला, कारण तो त्यांचा स्वतःचा होता. हुकूम करून तर राजाला शनिवारही पाळून घेता आला नाही."

मला उत्तर सुचलं नाही. इतका वेळ मी स्वतःला वलत्ता पेत्रोसच्या बाजूची समजत होते. घरात हुकूम सोडणारी मात्र मीच होते.

आता अष्टमी-चौदसला मी माझं एकाशन करते आणि तिला विचारत नाही. परवाच्या चौदसला संध्याकाळी तिनं घरी येऊन विचारलं, "आई, सूर्यास्त किती वाजता आहे आज?" मी वेळ सांगितली आणि दोन पानं वाढली.