न्यूमोनिया (फुप्फुसशोथ)

फुप्फुसांतल्या वायुकोशांना जंतुसंसर्ग होऊन त्यांत हवेच्या जागी द्रव, पू आणि पेशींचा गाळ साठतो, त्या आजाराला न्यूमोनिया म्हणतात. मराठी वैद्यकीय लेखनात त्याला ‘फुप्फुसशोथ’ हा शब्द आहे. बोलण्यात मात्र न्यूमोनियाच रुळला. खेड्यापाड्यांत त्याहून जुने शब्दप्रयोग आहेत: ‘छाती भरली’, ‘धाप लागली’, ‘पोट उडतंय’. विदर्भात काही भागांत ‘डबा’ म्हणतात. सोलापूरच्या दक्षिणेला कन्नड बोलणाऱ्या घरांत श्वास लागण्याला ‘उब्बस’ म्हणतात. अडाणी म्हणून हे शब्द बाजूला सारू नयेत. ‘पोट उडतंय’ म्हणणाऱ्या आजीने या रोगाची सर्वांत महत्त्वाची खूण नेमकी पाहिलेली असते.

शरीरात काय घडते : श्वासनलिका छातीत उतरल्यावर झाडाच्या फांद्यांसारखी फुटत जाते. शेवटच्या डहाळ्यांना वायुकोशांचे घोस लागलेले असतात. प्रौढ माणसाच्या दोन्ही फुप्फुसांत मिळून त्यांची संख्या काही कोटींत जाते. त्यांच्या भिंती इतक्या पातळ असतात की हवेतला प्राणवायू सहज रक्तात जातो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. नाकाघशात जंतू नेहमीच असतात. न्यूमोकॉकस हा जीवाणू तर अनेक धडधाकट मुलांच्या नाकात निमूट राहत असतो. खोकला, नळ्यांतला चिकट स्राव, त्याला वर ढकलणारे सूक्ष्म केस आणि जंतू गिळणाऱ्या पेशी यांचा पहारा जागा असतो तोवर खाली काही उतरत नाही. सर्दी, फ्लू किंवा गोवर झाला, कुपोषणाने अंगातले त्राण गेले, चुलीच्या किंवा विडी-सिगारेटच्या धुराने नळ्या सुजल्या, की हा पहारा ढिला पडतो.

जंतू वायुकोशात पोचले की शरीर त्यांच्यावर धावून जाते. केशवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव पाझरतो, पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि स्पंजासारखा तो भाग भरीव होतो. जुन्या काळी शवविच्छेदन करणाऱ्यांना असे फुप्फुस यकृतासारखे घट्ट लागे. पाण्यात टाकले तर ते बुडे. ऑस्ट्रियाचे वैद्य लिओपोल्ड आउएनब्रुगर यांनी १७६१ मध्ये छातीवर बोटांनी ठोकून आतला आवाज ऐकण्याची पद्धत मांडली. ते खानावळवाल्याचे पुत्र होते, आणि वडील पिंपावर टिचकी मारून दारू कुठवर आहे ते ओळखत, त्यावरून ही कल्पना सुचली असे सांगतात. भरलेला रांजण आणि रिकामा रांजण वाजवून पाहिलेल्या कोणालाही तिचे मर्म कळेल. पुढे १८१६ मध्ये फ्रान्सच्या रने लाएनेक यांनी स्टेथोस्कोप बनवला आणि भरलेल्या वायुकोशांची बारीक चरचर कानाने ऐकता येऊ लागली.

फुप्फुसाचा एक भाग बंद पडला की त्याचे काम उरलेल्या भागावर येते, म्हणून श्वासांची संख्या वाढते. लहान मुलाच्या बरगड्या मऊ असतात. फुप्फुस ताठरले की श्वास आत घेताना बाळाच्या बरगड्यांची खालची कड आत ओढली जाते आणि त्याच वेळी पोट वर येते. हेच ते पोट उडणे. ताप आणि खोकला शेकडो आजारांत असतात. भराभर श्वास आणि आत ओढली जाणारी छाती या दोन खुणा मात्र फुप्फुसाकडे बोट दाखवतात.

कारक जंतू : मुलांत न्यूमोकॉकस आणि हीमोफिलस इन्फ्लुएन्झी ‘बी’ (हिब) हे जीवाणू, आणि श्वसनमार्गाचा आरएसव्ही हा विषाणू प्रमुख आहेत. शाळकरी मुलांत व तरुणांत मायकोप्लाझ्मा, मद्यपी व मधुमेही रुग्णांत क्लेब्सिएला आढळतो. फ्लू आणि कोविड-१९ चे विषाणू थेट न्यूमोनिया करतात किंवा जीवाणूंना वाट करून देतात. १९१८ च्या फ्लूच्या साथीत मुंबई इलाख्यात जे बळी गेले, त्यांतल्या बहुतेकांचा शेवट न्यूमोनियानेच झाला. ती साथ मुंबई बंदरातून रेल्वेमार्गांनी देशभर पसरली.

या रोगाच्या शोधाने विज्ञानाला दिलेले देणे फार मोठे आहे. १८८१ मध्ये लुई पाश्चर आणि अमेरिकेचे जॉर्ज स्टर्नबर्ग यांना न्यूमोकॉकस स्वतंत्रपणे सापडला. न्यूमोनियाने दगावलेल्यांच्या फुप्फुसांत जंतू दिसावेत म्हणून हान्स ख्रिश्चन ग्राम यांनी १८८४ मध्ये बर्लिनला जी रंगक्रिया शोधली, ती आजही सूक्ष्मजीवांच्या प्रयोगशाळांत रोज वापरतात. लंडनमध्ये फ्रेडरिक ग्रिफिथ यांना १९२८ मध्ये असे दिसले, की निरुपद्रवी न्यूमोकॉकस मेलेल्या घातक न्यूमोकॉकसच्या सहवासात स्वतः घातक बनतो. हा गुण कशातून जातो याचा पाठपुरावा करत १९४४ मध्ये ऑस्वल्ड एव्हरी आणि सहकारी डीएनएपर्यंत पोचले. आनुवंशिकतेचे द्रव्य कोणते, या प्रश्नाचे उत्तर अशा प्रकारे न्यूमोनियाच्या जंतूने दिले.

श्वास मोजणे : एक्स-रे, रक्ततपासणी आणि बालरोगतज्ज्ञ जिथे नाहीत तिथे निदान कसे करायचे? पापुआ न्यू गिनीत फ्रँक शॅन आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले, की खोकणाऱ्या मुलाचे श्वास मोजणे आणि छाती आत ओढली जाते का हे पाहणे एवढ्यावर बरेच काही कळते. जागतिक आरोग्य संघटनेने त्यावर मर्यादा ठरवल्या. २ महिन्यांच्या आतील बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, २ महिने ते १ वर्षाच्या आतील बाळाचे ५० किंवा जास्त, आणि १ ते ५ वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त श्वास म्हणजे ‘जलद श्वास’. बाळ शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, अंगावरचे कपडे वर करून, पूर्ण एक मिनिट मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणे चालत नाही, कारण बाळाचा श्वास एका लयीत नसतो.

या साध्या मोजणीतून किती जीव वाचतात याचा भक्कम पुरावा महाराष्ट्राने दिला. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. तिथे ५८ गावांत न्यूमोनिया ओळखण्याचे आणि को-ट्रायमोक्साझोल हे औषध देण्याचे काम आरोग्यसेवक, गावातले आरोग्यदूत आणि पारंपरिक सुइणी यांच्यावर सोपवले गेले; ४४ गावे तुलनेसाठी ठेवली. डॉक्टर नसलेल्या माणसाच्या हाती प्रतिजैविक देणे हे त्या काळी अनेकांना अविचारी वाटणारे होते. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उपचार झालेल्या ६१२ रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के होते, तर तुलनेच्या गावांत ते १३.५ टक्के होते. पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू कार्यक्रमाच्या गावांत ८.१, तर तुलनेच्या गावांत १७.५ होते.

यातली सर्वांत सुंदर गोष्ट आकड्यांत येत नाही. अनेक सुइणींना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हते. त्यांच्यासाठी एक श्वासमापक बनवला गेला: एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोचलो, तर न्यूमोनिया. अक्षरओळख नसलेली बाई या मण्यांवर निदान करू लागली. बाळंतिणीच्या घरात वर्षानुवर्षे मान असलेल्या बाईच्याच हातात हा श्वासमापक दिला गेला, हेही महत्त्वाचे. मुलांच्या मृत्यूवरचे इतके स्वस्त आणि इतके माणुसकीचे उत्तर वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच सापडेल. नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा याच संस्थेचा पुढचा प्रयोग १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्या गृहभेटींना त्याचा आधार मिळाला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जायचे असते.

होटगी परिसर : शहराजवळच्या गावाचे उदाहरण घ्यायचे तर, दक्षिण सोलापूर तालुक्यातले होटगी हे सोलापूर-वाडी मार्गावरचे जंक्शन आहे, इथून विजयपूर-गदगकडे फाटा जातो. मराठी आणि कन्नड इथे एकाच अंगणात बोलल्या जातात. गडचिरोलीतल्या जंगलातल्या गावाहून इथली स्थिती निराळी आहे. सोलापूर शहर जवळ आहे. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे सगळ्यांचे ‘सिव्हिल’, तिथेच आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. अशा गावात अंतरापेक्षा निर्णयाला लागणारा वेळ घातक ठरतो. हिवाळ्यातल्या रात्री बाळ कण्हायला लागले, की आधी ओवा-कापराचे तेल छातीला, मग धुरी, मग ‘सकाळी बघू’. रोजगाराचा दिवस बुडणार असतो, मुलाचे वडील कामावर असतात, आणि सुनेचे ‘बरं दिसत नाही’ एवढे म्हणणे घरात पुरेसे वजनदार ठरत नाही.

म्हणूनच श्वासाची मोजणी इथेही तितकीच मोलाची आहे. ‘आत्या, मिनिटाला अठ्ठावन्न झालेत’ हे सुनेने सासूला सांगितलेले वाक्य ‘बरं दिसत नाही’पेक्षा निराळे आहे. आकड्याला कोणी ‘तू उगाच घाबरतेस’ म्हणू शकत नाही. तो मराठीत सांगा की कन्नडात, आशाला, परिचारिकेला, फोनवरच्या डॉक्टरांना त्याचा एकच अर्थ कळतो. घड्याळ आज प्रत्येक मोबाइलमध्ये आहे.

धुरीबद्दल स्पष्ट लिहायला हवे. धूर आधीच सुजलेल्या नळ्या आणखी सुजवतो. धापणाऱ्या बाळाला धुरी देणे घातक आहे. पोट फुगलेल्या बाळाला तापल्या विळ्याचे चटके देण्याची मेळघाटातली ‘डंबा’ची रीत असो की अन्यत्र बिब्ब्याचे डाग असोत, त्यांनी फुप्फुसातला एक थेंबही कमी होत नाही. उलट जखम होते आणि मोलाचे तास जातात.

धोक्याच्या खुणा : बाळ दूध ओढत नाही, सगळे उलटून टाकते, झटके येतात, मान टाकते किंवा जागे होत नाही, शांत असतानाही घशातून घरघर येते, ओठ किंवा जीभ निळी पडते, तर मोजत बसू नये, तडक रुग्णालय गाठावे. २ महिन्यांच्या आतील बाळाला जलद श्वास असेल किंवा छाती आत ओढली जात असेल, तर तेही घरी ठेवण्यासारखे नसते. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर प्राणवायूचे प्रमाण ९० टक्क्यांखाली असेल तर प्राणवायू द्यावाच लागतो.

म्हाताऱ्या माणसांत हा रोग वेगळ्या वेषात येतो. ताप नसतोही, आजोबा एकाएकी असंबद्ध बोलू लागतात, जेवण सोडतात, पडतात. वयामुळे म्हणून ते सोडून दिले जाते. प्रौढाचे श्वास मिनिटाला ३० किंवा जास्त असणे हे गंभीर लक्षण आहे. दोन आठवड्यांवरचा खोकला असेल तर क्षयासाठी थुंकीची तपासणी करावी.

उपचार : १९३० च्या दशकाअखेर सल्फा औषधे आणि पुढे पेनिसिलीन येईपर्यंत वैद्य आणि घरचे आठवडाभर उशाशी बसून वाट पाहत. एक तर ताप एकदम उतरे, नाही तर माणूस जाई. स्वतंत्र भारताने पेनिसिलीन देशातच करायचे ठरवले आणि १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली. आज मुलांच्या साध्या न्यूमोनियाला तोंडाने अमॉक्सिसिलीन पुरते. गंभीर रुग्णाला इंजेक्शने आणि प्राणवायू लागतो. विषाणूजन्य न्यूमोनियात आणि साध्या सर्दीत प्रतिजैविकाचा उपयोग नसतो; मागच्या खेपेची उरलेली बाटली काढून पाजण्याने जंतू औषधाला सरावतात.

प्रतिबंध : पहिले ६ महिने फक्त आईचे दूध, गोवराची लस आणि धुराविना स्वयंपाकघर ही जुनी शस्त्रे आजही धारदार आहेत. हिबची लस पेंटाव्हॅलंटमधून ६, १० आणि १४ व्या आठवड्यात मिळते. न्यूमोकॉकसची लस भारतात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत आहे. ती ६ व्या व १४ व्या आठवड्यात आणि ९ महिन्यांनंतर देतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२० मध्ये स्वतःची न्यूमोकॉकस लस आणली, त्यामुळे पूर्वी अतिशय महाग असलेली ही लस गरिबांच्या आवाक्यात आली. तरीही २०१९ मध्ये जगात पाच वर्षांखालील सुमारे ७ लाख ४० हजार मुले न्यूमोनियाने गेली. १२ नोव्हेंबर हा जागतिक न्यूमोनिया दिन आहे; केंद्र सरकारची ‘सांस’ मोहीम त्याच सुमारास सुरू होऊन फेब्रुवारीअखेर चालते.

औषध सुरू झाल्यावर ताप लवकर ओसरतो, पण खोकला काही दिवस रेंगाळतो आणि एक्स-रेवरची सावली आठवडेच्या आठवडे दिसत राहते. ताप गेला म्हणून औषध मध्येच सोडू नये. दोन दिवसांनी बाळाला पुन्हा दाखवावे आणि श्वास पुन्हा मोजावेत: आकडा खाली आलेला असला पाहिजे, बाळ दूध पीत असले पाहिजे. तसे नसेल तर औषध बदलावे लागते किंवा रुग्णालयात भरती करावी लागते.