फुटबॉल-संघनिष्ठा, कोलकात्यातील

फुटबॉलचा प्रेक्षक एखाद्या संघाचे समर्थन का पत्करतो व ते पिढ्यान्‌पिढ्या कसे टिकते, या प्रश्नाची उकल करताना सामान्यतः पाच कारणे विचारात घ्यावी लागतात : जन्मस्थान अथवा वस्ती, कुटुंबातील परंपरा, धर्म-भाषा-वर्ग यांवर आधारलेली समूहभावना, संघाचे यश आणि एखाद्या खेळाडूविषयीचे आकर्षण. यांपैकी शेवटची दोन कारणे बहुधा अल्पजीवी ठरतात. यश ओसरले किंवा खेळाडू निवृत्त झाला, की त्यांवर उभी राहिलेली आस्थाही ओसरू लागते. पहिली तीन कारणे एकत्र आली, की मात्र संघनिष्ठेला कुलपरंपरेचे रूप येते. ग्लासगो येथे आयरिश कॅथलिक स्थलांतरितांनी सेल्टिक (स्थापना १८८७) आणि प्रॉटेस्टंटांनी रेंजर्स (१८७२) हे संघ आपापले मानले. बार्सेलोना क्लबची स्थापना १८९९ मध्ये एका स्विस क्रीडापटूच्या पुढाकाराने झाली, तरीही पुढे तो कॅटालन अस्मितेचे प्रतीक बनला. भारतात या प्रक्रियेचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे कोलकाता (२००१ पर्यंतचे अधिकृत नाव कलकत्ता) येथील मोहन बागान, ईस्ट बेंगॉल व मोहमेडन स्पोर्टिंग या तीन संघांचा समर्थकवर्ग होय. येथील समर्थक आपला संघ जन्मानेच मिळाला असे मानतो. इतिहास पाहता, जन्मसिद्ध वाटणारी ही निष्ठा विशिष्ट राजकीय व सामाजिक प्रसंगांतून घडत गेली, असे दिसून येते.

*राष्ट्रीय भावना व १९११ चा विजय :* बंगालमध्ये फुटबॉल आला तो ब्रिटिश सैनिक, व्यापारी व शिक्षक यांच्याबरोबर. नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी यांच्यासारख्या संघटकांनी तो भारतीय विद्यार्थ्यांत रुजविला. त्यांच्या शोभाबाजार क्लबने १८९२ मध्ये ट्रेड्‌स चषक स्पर्धेत ईस्ट सरे रेजिमेंटच्या संघाला हरविले. मोहन बागान क्लब उत्तर कलकत्त्यात १५ ऑगस्ट १८८९ रोजी स्थापन झाला. शारीरिक दृष्ट्या दुर्बल असा शिक्का ब्रिटिशांनी बंगाली तरुणावर मारला होता. तो पुसून काढण्याची आकांक्षा त्या काळच्या आखाड्यांप्रमाणेच फुटबॉलच्या क्लबांमागेही होती. १९०५ च्या वंगभंगानंतर स्वदेशीची चळवळ भरात आली आणि या आकांक्षेला राजकीय धार चढली.

२९ जुलै १९११ रोजी आय. एफ. ए. शील्ड स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशर रेजिमेंटवर २–१ असा विजय मिळविला. एका गोलने मागे पडल्यानंतर कर्णधार शिवदास भादुरी यांनी बरोबरी साधली व अखेरच्या काही मिनिटांत अभिलाष घोष यांनी निर्णायक गोल केला. अकरांपैकी सुधीर चटर्जी हे एकटेच बूट घालून खेळले, इतर दहा खेळाडू अनवाणी होते. सामन्यासाठी दूरदूरच्या जिल्ह्यांतून लोक आले होते. मैदान दिसू न शकणाऱ्या गर्दीला गोलसंख्या कळावी म्हणून ती लिहिलेले पतंग उडविण्यात आले. शहरातील मुस्लिम समाजातही या विजयाचे स्वागत झाले. या दिवशी मोहन बागानचा समर्थक होणे म्हणजे एखाद्या पेठेचा वा जिल्ह्याचा पक्ष घेणे नव्हे, तर राज्यकर्त्यांविरुद्ध भारतीयांच्या बाजूस उभे राहणे होय. विजयी संघातील अनेक खेळाडूंचे मूळ पूर्व बंगालात होते, ही गोष्ट पुढील घडामोडींच्या संदर्भात लक्षात घेण्याजोगी आहे.

*प्रादेशिक भेदभाव व ईस्ट बेंगॉल :* हुगळीच्या परिसरातील मूळ रहिवासी ‘घोटी’ आणि पद्मेपलीकडील जिल्ह्यांतून आलेले ते ‘बांगाल’, असा भेद बंगाली समाजात पूर्वीपासून होता. शिक्षण व नोकरी यांसाठी कलकत्त्यास येणाऱ्या पूर्व बंगाली तरुणाच्या बोलीची व राहणीची तेथे थट्टा होत असे. जुलै १९२० मध्ये कुचबिहार चषकाच्या सामन्यात मोहन बागानविरुद्ध खेळताना जोडाबागान क्लबने शैलेश बोस या खेळाडूस वगळले. त्या क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी यांनी त्यामुळे क्लब सोडला. पूर्व बंगाली म्हणूनच बोस यांना डावलण्यात आले, अशी भावना त्यामागे होती. १ ऑगस्ट १९२० रोजी चौधुरी व त्यांचे सहकारी यांनी ईस्ट बेंगॉल क्लबची स्थापना केली. कलकत्ता साखळी स्पर्धेच्या प्रथम विभागात त्या काळी भारतीय संघांच्या संख्येवर मर्यादा होती. तो अडसर दूर होऊन १९२५ मध्ये ईस्ट बेंगॉलला तेथे प्रवेश मिळाला. २८ मे १९२५ रोजी साखळी स्पर्धेतील पहिल्याच गाठीत त्याने मोहन बागानला १–० असे हरविले.

तथापि या काळात समर्थकांची विभागणी पूर्णपणे प्रदेशनिहाय झालेली नव्हती. मोहन बागानचे विख्यात बचावपटू गोष्ठ पाल यांचा जन्म पूर्व बंगालातील फरीदपूर जिल्ह्यातील होता. १९११ च्या स्मृतीमुळे अनेक बांगाल कुटुंबेही मोहन बागानशी एकनिष्ठ राहिली.

*धार्मिक अस्मिता व मोहमेडन स्पोर्टिंग :* १८९१ मध्ये स्थापन झालेल्या या क्लबने १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे कलकत्ता साखळी स्पर्धा जिंकली. ती जिंकणारा हा पहिला भारतीय संघ होय. १९३६ मध्ये त्याने आय. एफ. ए. शील्ड आणि १९४० मध्ये ड्युरँड चषकही मिळविला. बंगलोर व अन्य प्रांतांतून निवडक खेळाडू आणणे आणि ओल्या मैदानासाठी बूट वापरणे ही त्याच्या यशाची कारणे होत. या विजयांमुळे बंगालमधीलच नव्हे, तर देशातील मुस्लिमांना हा संघ आपला वाटू लागला. परंतु तो काळ जातीय राजकारण तीव्र होण्याचा होता. १९११ मध्ये परक्यांविरुद्ध एकवटलेला प्रेक्षक आता धर्माच्या रेषेवर विभागला गेला. फाळणीनंतर समर्थकांचा एक भाग सीमेपलीकडे गेला व संघाचे पूर्वीचे प्रभुत्व उरले नाही.

*फाळणी व निर्वासित :* संघनिष्ठेचे आजचे स्वरूप प्रामुख्याने १९४७ नंतर घडले. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची पश्चिम बंगालमधील संख्या १९५१ च्या जनगणनेनुसार सुमारे २१ लाख होती. जादवपूर, विजयगड, दमदम इ. भागांत त्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. घर, जमीन व गाव गमावलेल्या या लोकांना ज्या गावाकडे परतणे शक्य नव्हते, त्या प्रदेशाचे नाव एका क्लबच्या रूपाने शिल्लक राहिले होते. त्यामुळे ईस्ट बेंगॉलचा लाल-सोनेरी पोषाख हे हरवलेल्या भूमीचे चिन्ह झाले आणि त्याचा विजय ही नव्या शहरात आपणही टिकून आहोत याची ग्वाही ठरली. या संघाने १९४९ ते १९५१ अशी सलग तीन वर्षे आय. एफ. ए. शील्ड जिंकली. तथापि ‘पंचपांडव’ म्हणून गाजलेले त्याचे आघाडीचे पाच खेळाडू (अहमद खान, अप्पाराव, धनराज, सालेह व वेंकटेश) दक्षिण भारतातील होते. उलट मोहन बागानमध्येच अखेरपर्यंत राहिलेले चुनी गोस्वामी यांचा जन्म पूर्व बंगालातील होता. हैदराबादचे महंमद हबीब तर तिन्ही संघांकडून खेळले. समर्थकाने निवडला तो खेळाडूंचा प्रदेश नव्हे. त्याने निवडला तो प्रेक्षागारातील आपला समूह, हे यावरून स्पष्ट होते.

*निष्ठेचे संक्रमण :* पुढील पिढीला ही निष्ठा घरातच मिळे. वडिलांबरोबर मैदानावर जाणे, आकाशवाणीवरील बंगाली धावते वर्णन ऐकणे आणि जिंकल्यावर ठरावीक मासळी आणणे हे तिचे संस्कार होत. ईस्ट बेंगॉलच्या विजयानंतर हिलसा (इलिश) व मोहन बागानच्या विजयानंतर कोळंबी (चिंगडी) यांना बाजारात मागणी वाढते. घोटी-बांगाल विवाहांच्या कुटुंबांत मुलांनी कोणता संघ मानावा, हा थट्टेचा तसाच मानापमानाचाही विषय असतो. पूर्व बंगाल कधीही न पाहिलेला नातू त्या प्रदेशाशी आपले नाते संघाच्या द्वारे सांगतो. निष्ठेचे मूळ कारण विस्मृतीत गेले, तरी निष्ठा कायम राहते ती याच मार्गाने.

या निष्ठेची दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. ३० सप्टेंबर १९७५ रोजी शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बेंगॉलने मोहन बागानला ५–० असे हरविल्यानंतर पराभूत संघाच्या एका तरुण समर्थकाने आत्महत्या केली. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवरील सामन्यात मैदानातील झटापटीचे लोण प्रेक्षकांत पसरून चेंगराचेंगरीत १६ जण मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ या दिवशी रक्तदान करण्याचा प्रघात पडला. तरीही या सामन्यांची लोकप्रियता घटली नाही. १३ जुलै १९९७ रोजी फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्यास सॉल्ट लेक स्टेडियमवर सुमारे १,३१,००० प्रेक्षक उपस्थित होते. बायचुंग भुतियाच्या तीन गोलांमुळे ईस्ट बेंगॉलने तो ४–१ असा जिंकला.

*व्यावसायिक युग :* २०२० मध्ये मोहन बागानचा फुटबॉल विभाग एटीके या व्यावसायिक संघाशी जोडला गेला, तेव्हा क्लबच्या नावापूर्वी आलेल्या त्या अक्षरांना समर्थकांनी दीर्घकाळ विरोध केला. २०२३ मध्ये ती वगळण्यात आली. मालकी बदलता येते, परंतु नाव व रंग ही समर्थकांची सामाईक मालमत्ता असते, असा या विरोधाचा आशय होता. ऑगस्ट २०२४ मध्ये शहरातील एका रुग्णालयात तरुण महिला डॉक्टरवर बलात्कार करून तिची हत्या करण्यात आली. त्यानंतरच्या अशांततेत १८ ऑगस्टचा उभय संघांमधील ड्युरँड चषकाचा सामना रद्द झाला. त्या दिवशी मोहन बागान, ईस्ट बेंगॉल व मोहमेडन स्पोर्टिंग यांचे समर्थक आपापल्या संघांचे पोषाख व ध्वज घेऊन स्टेडियमनजीक एकत्र आले आणि त्यांनी न्यायाची मागणी केली. समूहांना विभागणारी संघनिष्ठा प्रसंगी त्यांना एकाच नागरी भूमिकेवर आणू शकते, हे या घटनेने दाखवून दिले. संघ वारशाने मिळत असला, तरी त्या वारशाचा अर्थ प्रत्येक पिढी आपल्या काळाच्या गरजेनुसार नव्याने ठरवीत आली आहे, हेच कोलकात्याच्या फुटबॉलचे ऐतिहासिक वैशिष्ट्य होय.